बाबा पुन्हा दर्यावर

श्रोतेहो, नमस्कार.

चैत्र लागला की आमच्या देवगड तालुक्यात निम्मं गाव कलमांत असतं. शिड्या निघतात, झेले निघतात, पेट्यांसाठी पेंढा येऊन पडतो. जुनी कलमं कौलांच्याही वर गेलेली, तिथे झेल्याची काठी पुरत नाही, फांदीवर चढावंच लागतं. आंबा उंचावर, नारळ उंचावर, सुपारी उंचावर, पावसाआधी शाकारायचं छप्परही उंचावर. झाडावरून पडून कायमचं जायबंदी झालेलं माणूस आपल्यापैकी बहुतेकांच्या ओळखीत असतं ते त्यामुळेच.

माझे बाबा असेच पडले. फांदी मोडली आणि ते खालच्या कातळावर आपटले. छातीचा शेवटचा मणका आणि कमरेचा पहिला मणका जिथे जुळतात, तिथेच पाठ मोडली. उंचावरून पडलेल्यांचा कणा बऱ्याचदा इथेच मोडतो. वरचा भाग बरगड्यांनी आवळून धरलेला असतो, खालचा भाग वाकणारा असतो, आणि पडण्याचा सगळा जोर त्या सांध्यावर येतो. हाड सळ्या-स्क्रू घालून जोडता येतं. त्याच्या आतून जाणारा मज्जारज्जू मात्र हाडासारखा पुन्हा सांधत नाही. बाबांचे पाय गेले, पायांची जाणीव गेली, लघवी-शौचावरचा ताबा गेला. हात, छाती, आवाज आणि हट्ट, हे सगळं शाबूत राहिलं.

आज मी उपचारांबद्दल बोलणार नाही, ते डॉक्टरांचं काम. आमच्या घरात हसणं परत कसं आलं, ते सांगायचं आहे. पण काढणीचे दिवस आहेत, म्हणून एक गोष्ट आधी. कोणी झाडावरून पडलं तर त्याला बसवू नका, काखेत आणि पायाला धरून उचलू नका. डोकं, मान, पाठ एका रेषेत ठेवा. १०८ ला फोन लावा, ही रुग्णवाहिका फुकट येते. हलवायलाच लागलं तर चार-पाच जणांनी एकाच वेळी, एका माणसाच्या इशाऱ्यावर, अंग न पिळता कुशीला वळवून रुंद फळीवर घ्या. मणका मोडलेला असताना चुकीच्या उचलण्याने मज्जारज्जूला आणखी इजा होते.

आता घराकडे येते.

कोल्हापूरच्या शस्त्रक्रियेनंतर करूळ घाट उतरून बाबांना घरी आणलं, तेव्हा प्रत्येक येणाऱ्याच्या तोंडी एकच प्रश्न होता. चालणार कधी? देवाला गाऱ्हाणं घातलं होतं तेही चालण्यासाठी. बाबा कॉटवर, आणि आम्ही सगळे जणू त्या एका दिवसाच्या वाटेकडे डोळे लावून. तो दिवस येईपर्यंत हसायचं नाही, गोडाधोडाचं करायचं नाही, रेडिओसुद्धा लावायचा नाही, असं कोणी ठरवलं नव्हतं, पण तसंच चाललं होतं. व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी एकदा बाबांसमोरच स्पष्ट सांगितलं, "काका, उभं राहण्याचं पुढे बघू. आधी बसून जगायला शिकू." आई त्या दिवशी खूप रडली. बाबा रडले नाहीत. त्यांनी विचारलं, "बसान काय काय करूक येता?"

घरात परत आलेला पहिला आनंद कोणता, असं कोणी विचारलं तर मी सांगेन, आईची झोप.

कमरेखाली जाणीव नसलेल्या माणसाला एका कुशीवर फार वेळ ठेवता येत नाही. हाडावरची कातडी दाबली जाते, रक्त पोचत नाही आणि बघता बघता जखम होते. हेच ते शय्याव्रण. एकदा झाले की महिनोन् महिने भरत नाहीत. म्हणून रात्री दर दोन तासांनी कूस बदलायची. आई गजर लावून उठायची. दिवसा चूल, गुरं, बाबांची आंघोळ, आणि रात्री हे. तिचा चेहरा ओळखू येईनासा झाला होता. मग वाडीतल्या चुलत भावांनी आपणहून पाळ्या लावल्या. काही रात्री ते, काही रात्री मी, मुंबईचा भाऊ सुट्टीवर आला की तो. पहिल्या पाळीच्या रात्री आई दिवेलागणीला पडली ती उजाडल्यावरच उठली. सकाळी तिने घावणे घातले, आणि घालता घालता गुणगुणत होती. बाबांनी कॉटवरून मला खूण केली, ऐक म्हणून. आजारी माणसाच्या घरी फळं घेऊन जाणाऱ्यांना मी कळकळीने सांगते, जमलं तर एक रात्र घेऊन जा.

शरीराची निगा हा आनंदाच्या आड येणारा त्रास आहे, असं वाटायचं. हळूहळू दिसलं, की तिच्यावरच सगळं उभं आहे. चाकाच्या खुर्चीत बसल्यावर दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन अंग उचलायचं. ठरल्या वेळी, चार ते सहा तासांनी, स्वच्छ नळीने लघवी काढायची, ते बाबा स्वतः शिकले. रोज आरशात टाचा आणि बैठकीची कातडी तपासायची. गरम पेजेचं ताट मांडीवर कधीच ठेवायचं नाही, कारण मांडी भाजली तरी कळत नाही. त्यासाठी खुर्चीवर आडवी फळी आहे. हे सगळं वेळेत झालं, की मधले तास मोकळे मिळतात. त्या मोकळ्या तासांतच सगळी गंमत आहे.

पण गंमत घराबाहेर होती आणि आमचं घर उंच जोत्याचं. पडवीतून खळ्यात उतरायला तीन पायऱ्या. एक फूट उंचीला बारा फूट लांबीचा उतार लागतो, तेव्हा खुर्ची स्वतःच्या हाताने चढवता येते. वाडीतल्या मुलांनी चिरे रचून, वर कोबा घालून असा उतार केला. तो इतका लांब झाला की तुळशीला वळसा घालून न्यावा लागला. ज्या दिवशी कोबा वाळला, त्या दिवशी बाबा कोणाचाही हात न लागता खळ्यात उतरले, परत चढले, पुन्हा उतरले. शेजारची पोरं मागे धावत होती. दुपारभर हेच चाललं.

मग त्यांनी समुद्र मागितला.

"माका दर्यावर जावचा हा," हे वाक्य त्यांनी जेवताना टाकलं आणि सगळे गप्प झाले. वाळूत खुर्चीची पुढची लहान चाकं रुततात, हे सगळ्यांनाच दिसत होतं. पण बाबांनी उत्तर आधीच काढून ठेवलं होतं. त्यांनी विचारलं, "आज खयची तीथ?"

आपल्या किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना हा हिशेब पाठ असतो. तिथीची पाऊणपट करायची, येईल ती भरतीची अंदाजे वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती आणि बाराच्या सुमाराला ओहोटी. पौर्णिमेला, अमावास्येला भरती साडेअकरा-बाराच्या आसपास येते, म्हणजे संध्याकाळी साडेपाच-सहाला ओहोटी. शिवाय ती उधाणाची ओहोटी, पाणी खूप मागे जातं आणि ओली, घट्ट वाळू उघडी पडते. त्या वाळूवर चाक चालतं. राहिला मधला कोरड्या वाळूचा पट्टा. तिथे खुर्ची उलटी फिरवायची, किंचित मागे कलवायची आणि मोठ्या चाकांवर मागे मागे ओढत न्यायची. जिथे फारच भुसभुशीत, तिथे झावळ्यांचे विणलेले झाप अंथरायचे. कॉटवर पडल्या पडल्या, छताकडे बघत, बाबांनी हे सगळं जुळवलं होतं.

पौर्णिमेची संध्याकाळ धरून आम्ही तांबळडेगच्या किनाऱ्यावर गेलो. आई, मी, दोन चुलत भाऊ आणि झाप धरायला उत्साही पोरं. तिथे रापण लागली होती. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. होडीने समुद्रात अर्धगोल जाळं टाकून यायचं आणि त्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावरून माणसांनी दोराने ओढायची. दोन रांगा, पाय वाळूत रोवलेले, एका लयीत मागे सरकणारे. शेवटच्या माणसापर्यंत आलेला दोर कोणीतरी गुंडाळत राहावं लागतं, नाहीतर पायांत गुंता होतो. बाबा तरुणपणी या रांगेत असायचे. रापणकारांपैकी एकाने त्यांना ओळखलं. हालहवाल विचारण्यात वेळ न घालवता त्याने ओल्या दोराचं टोक त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाला, "भाऊ, येटाळा घाला."

बाबांनी खुर्चीला ब्रेक लावला आणि दोर गुंडाळायला घेतला. कमरेवरचं अंग व्यायामाने चांगलं कमावलेलं. दोर येत होता, वेटोळं वाढत होतं, खारं पाणी त्यांच्या कोपरांवरून ओघळत होतं. जाळं किनाऱ्याला लागलं तेव्हा आत बांगडे फडफडत होते. रापणीला ज्याने हात लावला त्याला मासळीचा वाटा मिळतो, ही रीत आहे. बाबांना त्यांचा वाटा मिळाला. दयेने दिलेला नव्हता तो, मोजून दिलेला होता, जितका बाकीच्यांना तितकाच.

घरी आल्यावर त्या बांगड्यांचं तिरफळं घालून तिखलं झालं. बाबांनी फळीवर ताट घेतलं आणि प्रत्येकाला विचारलं, "कसो लागता?" आम्ही पुन्हा पुन्हा चांगला म्हणालो, तरी त्यांचं विचारणं थांबेना. घरात कोणीतरी कमावून आणलेलं खाताना जो आवाज असतो, तो त्या रात्री होता. (खुर्ची मात्र लगेच गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, बेअरिंगला तेल द्यावं लागतं. खाऱ्या हवेत लोखंड फार लवकर गंजतं. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी हे विसरू नये.)

या संध्याकाळनंतर मला एक गोष्ट पक्की पटली. आजारी माणसाला आपण सगळं देतो, औषध देतो, मऊ गादी देतो, वेळ देतो. त्याच्याकडून मागत मात्र काही नाही. आणि मागितलं जाणं ही माणसाची भूक आहे. बाबांचा चेहरा पालटला तो कोणीतरी त्यांच्याकडून काम मागितलं तेव्हा.

त्यानंतर आम्ही मागायला लागलो. गेल्या चतुर्थीला गणपतीची माटवी, म्हणजे मूर्तीवर टांगायची फळापानांची चौकट, छताला बांधण्याआधी जमिनीपासून हातभर उंचीवर टांगली. कवंडळं, सुपारीची शिपटी, तवसं, चिबूड, सगळं बाबांनी खुर्चीत बसून बांधलं आणि मग भावांनी ती वर चढवली. आरतीला टाळ त्यांच्याच हातात. आता काढणीत ते मांगरात टेबलाशी बसतात. आंबा हातात घेतला की वजन सांगतात, चौदा आणे, म्हणजे सोळांतले चौदा, तयार आहे की नाही तेही सांगतात. "ह्यो अजून कवळो आसा, ठेव बाजूक." त्यांचा हात फिरल्याशिवाय पेटी बंद होत नाही.

आणि आई. आई-बाबांना नुसतं शेजारी बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. एक बागेत, एक चुलीशी. आता दुपारी ती पडवीत त्यांच्या पायांना तेल चोळते आणि झाल्यावर उठत नाही. "मी हयच बसतंय जरा," म्हणते. दोघं काजूच्या बिया सोलतात, रस्त्यावरून जाणाऱ्याची चौकशी करतात. हे सुख अपघाताने दिलं असं मी म्हणणार नाही. अपघाताने फक्त घेतलं. हे त्या दोघांनी स्वतः मिळवलं.

आमच्याकडे दुःख संपलंय असंही नाही. पावसात बाबांचे पाय आखडतात, लघवीचा जंतुसंसर्ग होऊन ताप येतो, आणि काढणीच्या पहिल्या दिवशी ते त्या कलमाकडे बघत नाहीत. ते दिवस आम्ही तसेच जाऊ देतो.

ऐकणाऱ्यांत असं कोणाचं घर असेल, तर कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचं काम जरूर माहीत करून घ्या. वयाच्या सोळाव्या वर्षी त्यांचं कमरेखालचं शरीर लुळं पडलं. पुढे १९८४ मध्ये त्यांनी हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभी केली, आणि आपल्या सिंधुदुर्गातही अपंगांच्या हातांना काम देणारा काजूप्रक्रियेचा प्रकल्प सुरू केला. सरकारी अपंगत्वाचं ओळखपत्र काढून घ्या, सवलतींसाठी ते लागतं. आणि शाळा, ग्रामपंचायत, दवाखाना इथे उतार नसेल तर संकोच न करता मागा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने तो हक्क दिलेला आहे.

सध्या घरात नवा विषय चालू आहे. बाबांना होडीत बसायचं आहे. चुलत भाऊ म्हणतो, खाडीत, वारा पडलेला असताना नेतो. फळीवर गादी कशी बांधायची, पाठीला टेका कशाचा द्यायचा, खुर्चीतून होडीत किती जणांनी उचलायचं, यावर रोज रात्री चर्चा होते. बाबांनी तिथी काढून ठेवली आहे. आईची अट एकच आहे: लाइफ जॅकेट आधी घरी आणा, मी स्वतः त्यांच्या अंगावर घालून बघेन, आणि होडीत मीही बसेन.

नमस्कार.