श्रावणातला दुसरा आठवडा

नमस्कार श्रोतेहो.

आषाढ संपत आला. गटारी चार दिवसांवर आहे, आणि अमावास्या उलटली की आपल्याकडच्या कित्येक घरांत बाटली बंद होईल. कुणाची श्रावणभर, कुणाची थेट गणपती विसर्जनापर्यंत. घरातल्या बाईला हा महिना हवासा वाटतो. तरी समुपदेशनाच्या खोलीत याच महिन्यात एक तक्रार मी दरवर्षी ऐकते. "ताई, पीत नाहीत हे खरं, पण बोलतही नाहीत. ताट पुढ्यात ठेवलं तर नुसतं चिवडत बसतात. पीत होते तेव्हाच बरे होते म्हणायची वेळ आली." हे बोलताना त्या बाईचा जीव किती तुटतो, ते मी पाहिलेलं आहे. आज तिला, आणि त्या गप्प बसलेल्या माणसालाही, मला उंदरांची एक हकीकत सांगायची आहे.

प्रयोगशाळेत काळ्या उंदरांची एक जात पाळतात. तिचं वैशिष्ट्य असं, की पिंजऱ्यात पाण्याची आणि दारूची अशा दोन बाटल्या टांगल्या तर हे उंदीर आपणहून दारूकडे वळतात. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात क्लाइड हॉज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा उंदरांना 28 दिवस 10 टक्के अल्कोहोल मिसळलेलं पाणी पिऊ दिलं. जबरदस्ती नाही, हवं तर प्या. मग ती बाटली काढून घेतली.

दारू बंद झाल्यावर एका दिवसाने काही उंदरांना पाण्याने भरलेल्या उंच भांड्यात सोडलं, आणि इतरांना 14 दिवसांनी. या चाचणीत उंदीर आधी धडपडतो, पोहतो, मग कधीतरी हातपाय गाळून नुसता तरंगत राहतो. तो किती वेळ असा निपचित राहतो, ते मोजायचं. पहिल्या दिवशी या उंदरांत आणि दारू कधीच न प्यालेल्या उंदरांत फरक दिसला नाही. चौदाव्या दिवशी मात्र दिसला. दारू सुटून दोन आठवडे झालेले उंदीर जास्त वेळ हातपाय गाळून राहत होते.

मेंदू तपासला तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. कानशिलाच्या आतल्या बाजूला, खोलवर, हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो. आठवणी घडण्याशी आणि मनःस्थितीशी त्याचा जवळचा संबंध आहे. मोठेपणीही मेंदूच्या या भागात नव्या पेशी जन्माला येतात, हे उंदरांत प्रथम दाखवलं जोसेफ ऑल्टमन आणि गोपाल दास यांनी, 1965 साली. पुढे कित्येक वर्षं त्यांच्यावर कुणी फारसा विश्वास ठेवला नाही. तर, हातपाय गाळणाऱ्या त्या उंदरांत या नव्या पेशींची पैदास घटलेली होती. आणि ज्या उंदरांना ते 14 दिवस नैराश्यावरचं एक जुनं औषध दिलं होतं, त्यांच्यात वागण्यातला फरकही दिसला नाही आणि पेशींची घटही. हा अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे. निपचित तरंगणारा उंदीर खचलेलाच असतो असंही सगळे शास्त्रज्ञ मानत नाहीत. काही म्हणतात, तो शहाणपणाने ताकद राखून ठेवतो. हा आक्षेप मला रास्त वाटतो. शिवाय याच विद्यापीठात किम निक्सन आणि फुल्टन क्रूज यांना 2004 साली वेगळंच चित्र दिसलं होतं. त्यांनी मोठ्या जातीच्या उंदरांना चार दिवस नळीने भरपूर दारू पाजली. दारू चालू असताना नव्या पेशी घटल्या. ती थांबवल्यावर आठवडाभराने पेशींच्या वाढीला एकदम उधाण आलं, आणि महिन्याभरानंतर नव्या चेतापेशी जास्तच सापडल्या. जात वेगळी, पाजण्याची रीत वेगळी, मुदत वेगळी, म्हणून दोन्ही निकाल एकमेकांना खोटे पाडत नाहीत. मला त्यातून एवढं कळतं, की दारू सुटल्यावर मेंदू स्वस्थ बसलेला नसतो. आत बरीच उलथापालथ चाललेली असते, आणि ती आठवड्यांच्या हिशोबाने चालते.

आता एक धोक्याची गोष्ट, जरा लक्ष देऊन ऐका. दारू मेंदूला मंद करते. रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू तिच्याविरुद्ध सतत जोर लावून स्वतःला जागं ठेवतो, रस्सीखेचीसारखा. समोरच्याने अचानक दोर सोडला तर आपण कोलमडतो ना, तसंच एकदम दारू तोडल्यावर होतं. हात थरथरतात, घाम फुटतो, भास होतात, फिट येते. बहुतेकदा पहिल्या दोन-चार दिवसांतच. हॉवर्ड बेकर यांनी उंदरांवर 1993 साली दाखवलं, की दारू चढवणं आणि तोडणं असं पुन्हापुन्हा केलं तर पुढच्या वेळचे झटके जास्त तीव्र होतात. म्हणून ज्यांना सकाळी उठल्याउठल्या प्यावी लागते, त्यांनी श्रावणाचा संकल्प करण्याआधी डॉक्टरांना भेटावं. ते काही दिवसांची औषधं देतात, बी-1 जीवनसत्त्व देतात. फिट आली किंवा माणूस बरळू लागला, तर थेट दवाखाना गाठायचा. घरच्या घरी दारूचा घोट पाजायचा नाही, आणि वाटही बघत बसायचं नाही.

आणि महिना संपल्यावर? जॉन डेव्हिड सिंक्लेअर यांनी 1960च्या दशकातच पाहिलं होतं, की दारूची सवय लागलेल्या उंदरांची दारू काही काळ तोडली आणि परत दिली, तर सुरुवातीला ते पूर्वीपेक्षा जास्त पितात. विसर्जनाच्या रात्री काय होतं, ते तुम्ही पाहिलेलं असेल. हा मोह आधी ठाऊक असलेला बरा. तो आवरायला मदत करणारी औषधंही आज मिळतात. सिंक्लेअर यांनी ज्याच्यावर पुढे बरीच वर्षं काम केलं, त्या नालट्रेक्सोनला अमेरिकेत 1994 साली दारूच्या व्यसनासाठी मान्यता मिळाली. व्यसनमुक्ती केंद्रात किंवा मनोविकारतज्ज्ञाकडे त्याबद्दल जरूर विचारा.

ज्या मुक्या जिवांनी हे सगळं सोसलं, त्यांच्याबद्दल माझ्या मनात ओशाळलेपण आहे. निदान त्यांच्याकडून जे कळलं ते घराघरांत पोचावं, म्हणून आजचं हे बोलणं.

कॅलेंडरवर गटारीपासून चौदा-पंधरा दिवस पुढे मोजलेत तर तिथे नारळी पौर्णिमा येते. राखीचा दिवस. त्या दिवशी पाटावर बसलेला भाऊ मान खाली घालून गप्प असेल, नारळीभाताचा घास घेत नसेल, तर "आता काय झालं तोंड पाडायला" असं म्हणू नका. राखी बांधून झाली की जवळ बसा आणि विचारा, "झोप लागते का रे रात्री?" तो नाही म्हणाला, किंवा जगण्यात काही राम नाही असं काही बोलला, तर दुसऱ्याच दिवशी त्याच्यासोबत डॉक्टरांकडे जा.

नमस्कार.