सोनेरी झुंबर आणि हातात पाना

क्वांटम कॉम्प्युटरच्या फोटोत हे जे सोनेरी झुंबर लटकलेलं दिसतं ना, यालाच बरेच लोक क्वांटम कॉम्प्युटर समजतात, पण हा खरं तर फ्रिज आहे. डायल्यूशन फ्रिज. हेलियम-३ आणि हेलियम-४ चं मिश्रण फिरवत फिरवत खालचं टोक १० ते २० मिलिकेल्विनपर्यंत (मिलिकेल्विन म्हणजे केल्विनचा हजारावा भाग, आणि शून्य केल्विन म्हणजे थंडीची शेवटची हद्द) नेतात, अंतराळ २.७ केल्विनवर असतं, म्हणजे त्याच्याही शंभरपटीने थंड. खरा कॉम्प्युटर म्हणजे तळाशी बसवलेली चिप, नखाएवढी.

आता या लॅबमध्ये इंटर्न म्हणून आलात तर पहिल्या दिवशी हातात काय पडतं? समीकरणं नाही, टॉर्क पाना. मायक्रोवेव्ह केबलचे कनेक्टर ठराविक जोरानेच आवळायचे, कमी आवळला तर सिग्नल मार खातो, जास्त आवळला तर आटे जातात, आणि गंमत म्हणजे चूक कळते ती फ्रिज थंड झाल्यावर, त्याला दीड-दोन दिवस सहज लागतात, मग परत गरम करा, उघडा, शोधा. प्लंबिंगच म्हणा ना.

मग येतं पायथनमधलं प्रोग्रॅमिंग. क्युबिट, म्हणजे चिपवरचा क्वांटम बिट, ५ गिगाहर्ट्झच्या आसपास नेमक्या कुठल्या फ्रिक्वेन्सीला बोलतोय ते शोधायचं, मायक्रोवेव्ह पल्सची लांबी हळूहळू वाढवत जायचं, आणि स्क्रीनवर वरखाली जाणारी लाट उमटली की समजायचं, सापडला. याला राबी ऑसिलेशन म्हणतात, पुस्तकात दहा वेळा बघितलेलं असतं पण स्वतःच्या डेटात दिसलं की माणूस खुर्चीतून उठतोच.

फिजिक्सवाल्यांचीच मक्तेदारी आहे असं बिलकुल नाही हां. एफपीजीए (आतली जोडणी हवी तशी बदलता येणारी चिप) प्रोग्रॅम करणारे इलेक्ट्रॉनिक्सवाले, क्लीनरूममध्ये, म्हणजे धूळमुक्त खोलीत, चिप बनवणारे मटेरियल्सवाले, एरर करेक्शनवर, म्हणजे क्युबिटच्या चुका सुधारण्यावर, डोकं लावणारे कॉम्प्युटर सायन्सवाले, सगळे लागतात.

आणि ज्युनियर पोझिशन म्हणजे नुसती हमाली, असं वाटत असेल तर २०२५ चं फिजिक्सचं नोबेल बघा. बर्कलीत १९८४-८५ मध्ये झालेल्या प्रयोगांसाठी तिघांना मिळालं, त्यात जॉन क्लार्क प्रोफेसर होते, मिशेल डेव्होरे पोस्टडॉक (पीएचडीनंतरचे संशोधक), आणि जॉन मार्टिनिस चक्क पीएचडीचा विद्यार्थी! हातात धरता येईल एवढं सर्किटसुद्धा क्वांटम नियमांनी वागतं, हे त्यांनी दाखवलं.

अर्ज कसा करायचा? 'मला क्वांटममध्ये खूप रस आहे' असा मेल प्रोफेसरांना रोज येतो, तो न वाचताच जातो. त्यापेक्षा त्या ग्रुपचा एक पेपर वाचा, अडलेला एक नेमका प्रश्न विचारा, आणि सोबत स्वतः केलेलं काहीतरी जोडा. आयबीएमने २०१६ मध्ये ५ क्युबिटचं मशीन क्लाउडवर टाकलं तेव्हापासून घरबसल्या खऱ्या क्युबिटवर सर्किट चालवता येतं, त्यामुळे साधनच नव्हतं ही सबब आता चालत नाही. स्टायपेंड आहे का ते मात्र स्पष्ट विचारा, लाजू नका, आणि रोज शिकवणार कोण तेही. बहुतेक वेळा एखादा पीएचडीवाला असतो, तो चांगला निघाला तर अर्धी लढाई जिंकलीच.

रात्र झालीय. फ्रिजची झाकणं लावून तो चालू केलाय, पंपाची टकटक सुरू आहे, स्क्रीनवर आकडा उतरतोय, २०० केल्विन, ९०, ४०. इंटर्न घरी गेलीय खरी, पण फोनवर तोच आकडा बघत पडलीय. कुठला कनेक्टर सैल राहिलाय ते परवा कळेल.