गाळा रिकामा का राहतो?

मंडळी, मोठ्या शहरात एखादे दुकान बंद झाले की दोन कारणे ठरलेली असतात. लोक ऑनलाइन घेतात, नाहीतर लोकांची आवड बदलली. दोन्हींत तथ्य आहे. ब्रिटनमध्ये वूलवर्थ्स या दुकानसाखळीची ८०० हून अधिक दुकाने जानेवारी २००९ पर्यंत बंद झाली, सुमारे २७ हजार नोकऱ्या गेल्या. तिथे धंदाच बसला होता. पण ज्यांच्या दारात शेवटच्या दिवशीही गर्दी असते, अशी दुकाने का बंद होतात? मला आज त्यांच्याबद्दल बोलायचे आहे.

रेस्टॉरंटचा हिशेब बघा. विक्री शंभर धरा. कच्चा माल तीस-पस्तीस, पगार जवळपास तेवढेच, भाडे आठ. वीज, गॅस, दुरुस्ती, कर जाऊन हाती पाच उरले तर धंदा बरा चाललाय म्हणायचे. आता भाडेकरार संपला आणि मालकाने आठाचे सोळा मागितले. पाच तर गेलेच, वर तीन खिशातून घालायचे. गिऱ्हाईक एकही कमी झालेले नाही, तरी खेळ संपला.

मग दुसरीकडे का जात नाहीत? कारण त्यांचा पैसा भिंतींत अडकलेला असतो. गच्चीपर्यंत नेलेली धुराची नळी, फरशीखालचे सांडपाण्याचे पाइप, शीतखोली, वाढवून घेतलेला वीजभार. यातले फारसे काही उचलून नेता येत नाही. मालकाला हे पक्के ठाऊक असते, म्हणून बोलणी सुरू होण्याआधीच भाडेकरूची बाजू लंगडी असते.

आणि तो गेल्यावर गाळा वर्ष वर्ष रिकामा पडतो. भाडे बुडत असताना मालक गप्प कसा बसतो, असे आपल्याला वाटते. व्यापारी इमारतीची किंमत तिच्या भाड्यावरून ठरते आणि बँकेचे कर्ज त्या किमतीवर उभे असते. कमी भाड्याचा दहा वर्षांचा करार केला की कागदावरची किंमत लगेच घसरते. रिकामा गाळा मात्र पुढे चांगल्या भाड्याने जाईल, असे गृहीत धरून जुन्याच किमतीला दाखवता येतो. सगळेच मालक असे करत नाहीत. छोट्या मालकाला तर रिकामा गाळा परवडतच नाही. पण बड्या इमारतींत हे घडते, आणि त्याची झळ शेजारच्या दुकानांना बसते, कारण रस्त्यावरची वर्दळच आटते.

स्पेनने जुनी गोठवलेली भाडी उठवताना १९९४ च्या कायद्यात अनेक दुकानांना २० वर्षांची मुदत दिली होती. तरीही २०१४ च्या अखेरीस मुदत सरली तेव्हा बार्सिलोना-माद्रिदमधली कित्येक जुनी दुकाने उठली. नुसती मुदत देऊन भागत नाही, हे त्यातून मला दिसते.

सॅन फ्रान्सिस्कोने दोन उपाय केले. २०१५ साली जुन्या व्यवसायांची नोंदवही सुरू केली आणि अशा व्यवसायाला किमान दहा वर्षांचा करार देणाऱ्या मालकाला अनुदान ठेवले. मग २०२० मध्ये मतदारांनी ठरावीक व्यापारी रस्त्यांवरच्या रिकाम्या गाळ्यांवर कर मंजूर केला. वर्षात १८२ दिवसांहून जास्त रिकामा राहिला की कर लागू, आणि सलग रिकामा राहिला तर दर वाढत जातो. कर हवाच, पण तो लागतो दुकान गेल्यावर. मला दहा वर्षांच्या कराराचे मोल जास्त वाटते.

पॅरिस त्याहून पुढे गेले. २००४ पासून तिथली महापालिका आपल्या कंपनीमार्फत काही भागांतले गाळे विकत घेते आणि पुस्तकविक्रेते, कारागीर, रोजच्या गरजेची दुकाने यांना भाड्याने देते. याला पैसा लागतो, आणि सगळे शहर काही विकत घेता येत नाही. म्हणून बाकीच्या गाळ्यांसाठी निदान एवढे तरी कायद्याने मिळावे, असा माझा आग्रह आहे : करार संपण्याच्या वर्षभर आधी नव्या भाड्याचा आकडा लेखी, आणि एकमत झाले नाही तर दोघांनाही बांधील असा लवाद.