जॉय डिव्हिजन : न ऐकलेले शब्द

मित्रहो, ‘अल्टरनेटिव्ह रॉक’ (मुख्य प्रवाहाबाहेरचे रॉक संगीत) हे नाव रूढ होण्याआधीच त्या संगीताची वाट मँचेस्टरच्या जॉय डिव्हिजन या बँडने पाडून ठेवली होती. ४ जून १९७६ रोजी त्या शहरात सेक्स पिस्टल्स या पंक रॉक बँडचा कार्यक्रम झाला. श्रोते मोजकेच होते, पण त्यांतल्या बर्नार्ड समनर आणि पीटर हुक या दोघा मित्रांनी आपणही बँड काढायचा असे ठरवले आणि हुकने दुसऱ्याच दिवशी बास गिटार (खालच्या, खर्जातल्या स्वरांची गिटार) विकत घेतली. समनरच्या गिटारीपुढे स्वतःचे वादन ऐकू येईना म्हणून तो वरच्या स्वरांत वाजवू लागला, आणि अडचणीतून निघालेली ही युक्तीच बँडची ओळख होऊन बसली. पुढे स्टीफन मॉरिस हा ड्रमर मिळाला. गायक होता इअन कर्टिस.

कर्टिस मॅकल्सफील्डच्या रोजगार कार्यालयात दिव्यांगांना नोकऱ्या मिळवून देण्याचे काम करी. तिथे येणाऱ्या, अपस्मार (फिट येण्याचा आजार) असलेल्या एका तरुणीच्या मृत्यूची बातमी त्याच्या मनात घर करून राहिली आणि तिच्यावर त्याने गाणे लिहिले. १९७९ च्या पहिल्या अल्बमसाठी ते ध्वनिमुद्रित करताना निर्माता मार्टिन हॅनेटने मॉरिसला एका बंद खोलीत बसवून तालावर चक्क फवाऱ्याचा डबा फुसफुसायला लावला. त्या वाफेने मॉरिसचा जीव गुदमरला. हॅनेट कमालीचा विक्षिप्त होता, पण त्या अल्बममधला थंड, पोकळ अवकाश त्याच्याच कानांनी घडवला, असे माझे मत आहे.

त्याआधीच, डिसेंबर १९७८ मध्ये, लंडनमधला पहिला कार्यक्रम करून परतताना गाडीत कर्टिसला जोराची फिट आली होती आणि महिन्याभरातच अपस्माराचे निदान झाले. औषधे भारी होती, जागरणे आणि दौरे चालूच होते, संसारही मोडत होता. रंगमंचावर हात झटकत तो जे नाचे, ते त्याच्या आजाराच्या इतके जवळ जाई की फिट खरी आली तरी ती कलेचाच भाग आहे असे समजून लोक टाळ्या वाजवीत. ४ एप्रिल १९८० रोजी लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये लखलखत्या दिव्यांमुळे त्याला फिट आली, आणि तरीही त्याच रात्री दुसऱ्या ठिकाणच्या कार्यक्रमातही तो गायला उभा राहिला. त्यानंतर काही दिवसांतच त्याने आत्महत्येचा प्रयत्न केला. तरीही ८ एप्रिलला मँचेस्टरजवळच्या ‘बरी’ या गावातल्या सभागृहात तो दोन गाण्यांपुरता उभा राहिला, उरलेली गाणी इतरांनी म्हटली आणि चिडलेल्या श्रोत्यांनी बाटल्या फेकल्या.

सहकाऱ्यांना दोष देणे सोपे आहे, पण सगळे विशीतले होते. आपण त्याच्या शब्दांकडे नीट लक्षच दिले नाही, हे त्यांनी पुढे स्वतःच कबूल केले. दुसऱ्या अल्बममधली गाणी इतकी उघड बोलत होती, तरी ती कवीने घेतलेली सोंगे आहेत असेच त्यांना वाटत राहिले.

१८ मे १९८० रोजी, अमेरिकेच्या दौऱ्यावर निघण्याच्या आदल्या दिवशी, कर्टिसने आयुष्य संपवले. तो २३ वर्षांचा होता. दुसरा अल्बम जुलैमध्ये आला.

उरलेल्या तिघांनी जुने नाव सोडून ‘न्यू ऑर्डर’ हे नाव घेतले आणि १९८१ मध्ये पहिली तबकडी काढली, ती कर्टिसच्या हयातीतल्याच एका गाण्याची. त्याचे शब्द कुठेच लिहून ठेवलेले नव्हते. तालमीची धूसर टेप होती, तिच्यात वाद्यांखाली आवाज दबलेला. ते शब्द हाती लागावेत म्हणून समनरने ती टेप इक्वलायझरमधून (आवाजातले उंच-खालचे स्वर कमी-जास्त करणाऱ्या यंत्रातून) काढली आणि कान देऊन एकेक ओळ उतरवून घेतली.