ठक्क! पण कधी?

लासलगावच्या बाजार समितीत कांदा उतरवून आलेला पिकअप. ड्रायव्हर म्हणतो, "मिस्त्री, गिअरबॉक्स गेला वाटतं. क्लच सोडला की खालून ठक्क करतं." मिस्त्री पान्याला हात लावत नाहीत. विचारतात, "चालत्या गाडीत रेस सोडली की येतो का आवाज? परत दाबली की?" येतो. दोन्ही वेळा, एकेकदाच.

मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत इंजिनाची ताकद क्लच, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट (गाडीखालचा लांब फिरता दांडा) आणि डिफरन्शियल (मागच्या एक्सलमधला दातांचा गोळा) या वाटेने चाकांपर्यंत जाते. वाटेत प्रत्येक ठिकाणी थोडा प्ले, म्हणजे ढिलेपणा, असतोच. रेस दाबली की तो एका अंगाला भरतो, सोडली की दुसऱ्या. झीज झाली की प्ले वाढतो आणि लोखंडावर लोखंड आदळतं. आवाज चेसिसभर फिरतो, त्यामुळे तो गिअरच्या दांड्याखालूनच आल्यासारखा वाटतो. या भासापायी धडधाकट गिअरबॉक्स उगाच खोलले जातात.

आता गाडीखाली. जागा सपाट, इंजिन बंद, चाकांना दगड, हातब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रल. शाफ्ट दोन्ही हातांनी धरून उलटसुलट पिळायचा, नजर मागच्या क्रॉसवर, म्हणजे शाफ्ट डिफरन्शियलला जोडणाऱ्या सांध्यावर. दोन्ही बाजू मिळून किंचित फिरल्या, तर तो डिफरन्शियलच्या दातांमधला प्ले, थोडा हवाच. पण शाफ्टकडची बाजू हलते आणि पलीकडची ढिम्म, म्हणजे क्रॉस गेला. हे बघा, टोपीच्या कडेला विटकरी भुकटी. आतले सुईसारखे बारीक रोलर ग्रीसवाचून कोरडे पडले, गंजले, त्यांचाच हा चुरा. क्रॉसला निप्पल (ग्रीस भरायचं तोंड) असेल तर वेळच्या वेळी ग्रीस मारून घ्या. नुसती धुऊन आणलेली गाडी म्हणजे सर्व्हिसिंग नव्हे. आणि असा क्रॉस घेऊन घाट उतरू नका. शाफ्ट निसटला की उतारावर गाडी रोखून धरणारा इंजिनाचा ब्रेकही गेला.

क्रॉस ठीक निघाला, तर इंजिन आणि गिअरबॉक्सची माउंटिंग, म्हणजे त्यांना चेसिसवर धरणारे रबरी आधार, बघा. रबर फाटलं असेल तर क्लच सोडताना इंजिन उसळतं. मागचा एक्सल पाट्यांना (स्प्रिंगना) आवळणारे यू-बोल्ट सैल असले तरी मागचा एक्सल पिळतो आणि असाच ठोका देतो. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी वळताना टकटक करत असेल, तर एक्सलचा बाहेरचा जॉइंट तपासा.

गिअरबॉक्सचा नंबर शेवटी. तेल काढा, खालच्या बोल्टला चुंबक असेल तर ते पुसून बघा. काळसर, बारीक मळी ही नेहमीची झीज. दाताचा तुकडा निघाला, तर मात्र बॉक्स उतरवायचा.