मृत्युदराचा छेद

(दृश्य: सकाळची वेळ. नागपुरातील जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीसमोर रांग लागली आहे.)

या रांगेतल्या प्रत्येकाच्या घरातून नुकतेच कोणीतरी गेले आहे. कोणाला बँकेसाठी दाखला हवा आहे, कोणाला विम्यासाठी, तर कोणाला गावच्या सातबाऱ्यावर वारसांची नावे चढवण्यासाठी. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार मृत्यूची माहिती 21 दिवसांच्या आत द्यायची असते, आणि मृत्यू जेथे झाला तेथेच त्याची नोंद होते. माणूस मूळचा कुठला, हे अर्जात लिहिलेले असते. पण नोंद कोणत्या गावाच्या खाती पडेल, हे त्यावरून ठरत नाही.

नागपुरात या एका अटीने सारे गणित फिरते. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाला सारा विदर्भ नुसते 'मेडिकल' म्हणतो, आणि इंदिरा गांधी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय म्हणजे 'मेयो'. या दोन्ही ठिकाणी भंडारा, गोंदिया, गडचिरोली येथून रुग्ण येतातच, शिवाय छिंदवाडा आणि बालाघाट येथूनही येतात. गोंदियाकडच्या एखाद्या शेतकऱ्याने मेडिकलच्या वॉर्डात प्राण सोडले, तर पार्थिव त्याच रात्री गावी जाते, नोंद मात्र नागपुरात राहते.

मृत्युदर हा एक अपूर्णांक आहे. अंशात वर्षभरातले मृत्यू येतात, छेदात त्या वर्षाच्या मध्याची लोकसंख्या येते, आणि उत्तर दर हजारी सांगितले जाते. नागपुरात नोंदलेल्या सगळ्या मृत्यूंना नागपूरकरांच्या संख्येने भागले, तर हे शहर आहे त्याहून रोगट दिसेल आणि गोंदिया आहे त्याहून निरोगी. म्हणून जाणकार साथरोगतज्ज्ञ आधी पत्त्याचा रकाना वाचतो, आणि अंशातली माणसे छेदातलीच आहेत याची खात्री झाल्याशिवाय भागाकाराला हात घालत नाही. छेदही सहजी हाती येत नाही. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 24,05,665 होती. 2021 ची जनगणना वेळेवर झाली नाही, आणि त्यामुळे त्यानंतरच्या वर्षांचे दर अंदाजलेल्या लोकसंख्येवर काढावे लागले.

दर अचूक निघाला तरी त्याची तुलना जपून करावी लागते. केरळचा अशोधित, म्हणजे वयाचा फरक लक्षात न घेता काढलेला, मृत्युदर दर हजारी सातच्या आसपास आहे आणि बिहारचा साडेपाचच्या आसपास; पण त्यावरून बिहारमध्ये आयुष्य अधिक सुरक्षित आहे असे कोणी म्हणणार नाही. केरळात वृद्धांचे प्रमाण जास्त आहे, एवढाच त्याचा अर्थ. दोन्हीकडचे वयोगटवार दर एकाच प्रमाण लोकसंख्येला, म्हणजे दोघांसाठी सारखीच वयरचना धरून, लावून पाहिले की हा आभास नाहीसा होतो.

(दृश्य: खेड्यातले घर. ओसरीवर रिकामा पाळणा.)

याहून गंभीर प्रश्न आहे तो न नोंदलेल्या मृत्यूंचा. घरातला कर्ता पुरुष गेला तर दाखल्यावाचून कामे अडतात, म्हणून नोंद होते. चार दिवसांचे बाळ गेले तर त्याच्या नावावर जमीन नसते, खाते नसते, बहुतेकदा त्याचे बारसेही झालेले नसते. त्या दाखल्याची कोणालाच गरज पडत नाही, आणि एक जन्म व एक मृत्यू, दोन्ही एकदमच हिशेबातून निसटतात. नागपूरच्या मेडिकलमध्ये शिकलेले डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत जे काम केले, त्याचा पाया याच मोजणीत होता. गावोगावी जन्म आणि मृत्यू घरी जाऊन टिपले गेले, तेव्हा 39 गावांत हजार जिवंत जन्मांमागे 62 बाळे पहिल्या 28 दिवसांतच दगावत असल्याचे दिसले. गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घेण्याचे प्रशिक्षण दिल्यावर तिसऱ्या वर्षी हा आकडा सुमारे 26 वर आला, आणि 1999 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आधी 62 मोजलेच नसते, तर 26 ला काही अर्थ राहिला नसता.

देशपातळीवर हीच गळती ओळखण्यासाठी नमुना नोंदणी पद्धत वापरली जाते. निवडलेल्या वस्त्यांमध्ये स्थानिक गणक वर्षभर जन्म-मृत्यू टिपतो, दर सहा महिन्यांनी दुसरी व्यक्ती स्वतंत्रपणे घरोघर फिरते, आणि दोन याद्या जुळल्या नाहीत तर पुन्हा त्या दारात जाऊन शहानिशा होते.

(दृश्य: मृत्यूचे कारण लिहिण्याचा छापील नमुना. कॅमेरा पहिल्या ओळीवर स्थिरावतो.)

मृत्यू मोजला गेला, तरी तो कशाने झाला हे उरतेच. या नमुन्यात कारणे एकाखाली एक लिहायची असतात: वर लगेचचे कारण, त्याखाली ते ज्यामुळे उद्भवले ते, आणि सर्वांत खाली ज्या आजाराने किंवा इजेने ही साखळी सुरू झाली ते. आकडेवारीत मोजले जाते ते हे खालचे, मूळ कारण. घाईच्या रात्री मात्र अनेकदा वरच्याच ओळीत 'हृदयक्रिया व श्वसनक्रिया बंद पडली' एवढे लिहून खालच्या ओळी कोऱ्या सोडल्या जातात. हृदय तर प्रत्येक मृत्यूत बंद पडते. त्यातून मूळ आजार कळत नाही. हा अर्धवट कागदसुद्धा सर्वांच्या वाट्याला येत नाही. 2020 मध्ये देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी केवळ 22.5 टक्के मृत्यूंचे कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित झालेले होते.

नागपूरच्या मे महिन्यात ही उणीव जिवावर बेतते. पारा 45 अंशांच्या वर असताना, टिनाच्या छताखाली दुपार काढलेला म्हातारा माणूस संध्याकाळी गेला, तर कागदावर उष्माघात हा शब्द क्वचितच येतो. अशा वेळी साथरोगशास्त्र कारण बाजूला ठेवून सर्व मृत्यू मोजते. मे 2010 मध्ये, उष्णतेच्या लाटेत, अहमदाबादेत 4,462 मृत्यू झाले. आदल्या आणि पुढच्या वर्षांच्या त्याच काळावरून अपेक्षित होते 3,118. वरचे 1,344 मृत्यू त्या लाटेचे होते, मग दाखल्यांवर काहीही लिहिलेले असो. या मोजणीनंतर अहमदाबादने 2013 मध्ये उष्णतेपासून बचावाचा कृती आराखडा आणला, आणि पुढे नागपुरातही तसा आराखडा आला.

(दृश्य: मेडिकलचे बाह्यरुग्ण दालन. आईच्या कुशीत दहा-बारा वर्षांची मुलगी.)

मृत्यू हे आजाराचे एक टोक झाले. या मुलीला सिकलसेल, म्हणजे तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार, आहे, आणि विदर्भातल्या अनेक वस्त्यांत हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. आईवडील दोघेही वाहक असतील, म्हणजे दोघांकडेही सदोष जनुकाची एकेक प्रत असेल, तर प्रत्येक गर्भारपणात मूल पीडित असण्याची शक्यता चारात एक असते. सांधे ठणकतात, ताप येतो, शाळा बुडते, रक्त चढवावे लागते. मृत्युदराच्या तक्त्यात हे काहीच दिसत नाही. ते दिसावे म्हणून रोगभार आयुष्याच्या वर्षांत मोजण्याची रीत 1993 च्या जागतिक विकास अहवालातून पुढे आली. अकाली मृत्यूने गमावलेली वर्षे आणि आजारात काढलेली वर्षे यांची बेरीज करायची; आजारातल्या वर्षाला त्याच्या तीव्रतेनुसार शून्य ते एक यांदरम्यान भार द्यायचा. विसाव्या वर्षी आलेला मृत्यू या हिशेबात साठाहून अधिक वर्षे हिरावतो.

हा भार ठरवतो कोण, हे मला महत्त्वाचे वाटते. 2010 च्या जागतिक रोगभार अभ्यासासाठी बांगलादेश, इंडोनेशिया, पेरू, टांझानिया आणि अमेरिका येथे लोकांना दोन आजारी माणसांची वर्णने सांगून यांतला अधिक निरोगी कोण, असे विचारले गेले. त्या घरांत विदर्भातले घर नव्हते, आणि मध्यरात्री मुलीचे पाय चोळत बसलेली आई नव्हती.

सिकलसेलचा छेदही अवघड आहे, कारण निदान होण्याआधीच गेलेले मूल रुग्णांच्या यादीत कधी आलेलेच नसते. म्हणून नागपुरात नवजात बाळांची रक्त तपासणी करून पीडित मुलांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला गेला. अशा यादीत मूल जन्मापासूनच छेदात असते. पुढच्या तपासणीच्या तारखेला ते आले नाही, तर ते का आले नाही हे त्याच्या घरी जाऊन विचारता येते.