वडगावातला चालता दिवा

(पहाट. गल्लीतून मागांची खडखड.)

बेळगावच्या वडगावात दिवस उजाडतो तो मागांच्या आवाजानं. आमच्या घरी पुढच्या सोप्यात माग आणि मधल्या खोलीत चार फुटी माशांची टाकी. मागावर आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडं पळताना बघतच मी लहानाचा मोठा झालो. टाकीवरचा दिवा चालवायचं डोक्यात आलं ते तिथूनच.

टाकीत मधोमध मोठा दगड आहे. दिवा एकाच जागी, त्यामुळं दगडामागची रोपं कायम सावलीत. पानं पिवळी पडून गळायची. उन्हात तसं होत नाही. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, सावलीही जागा सोडते.

(जवळून: दातेरी पट्टा, चाक.)

दिवा ४० सेंटिमीटरचा, अ‍ॅल्युमिनियमच्या रुळावरच्या गाडीला टांगलेला. १२ व्होल्टची गिअर मोटर, मिनिटाला एकच फेरा. चाकाला २० दात, दर दाताला पट्टा २ मिलिमीटर सरकतो. म्हणजे मिनिटाला ४ सेंटिमीटर. वाट ८० सेंटिमीटरची, म्हणून जायला २० मिनिटं, यायला २०. मासे बिचकत नाहीत.

दोन्ही टोकांना लिमिट स्विच आहेत. गाडी टेकली की रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, मोटरच्या तारांची अदलाबदल करतो आणि मोटर उलटी फिरते. पहिल्याच आठवड्यात उजव्या स्विचची पाती वाकली. गाडी टोकाला अडली, पट्टा रात्रभर दातांवरून कटकटत राहिला. सकाळी काका बघून म्हणाले, "धोटा आपटू नये म्हणून टोकाला चामडं असतंय की. तुझ्या गाडीला काय हाय?"

उद्यमबागेतल्या लेथवाल्याकडून जाड पट्टी करून आणली, वर रबराचा तुकडा चिकटवला.

एक मात्र नीट समजून घ्या. दिवा चालला म्हणून उजेड वाढत नाही, तो वाटला जातो. म्हणून मी जावा मॉस, अनुबियास अशी कमी उजेडावर जगणारी रोपंच ठेवली. गाडीला जादा तार बांधलीय, दिवा निसटला तरी पाण्यात पडणार नाही. वायर प्लगच्या खाली झोल देऊन सोडलीय. थेंब ओघळला तर झोलावरूनच गळतो.

(दगडामागं, रेतीतून वर आलेले बोटभर दोन फुटवे.)

हे व्हॅलिस्नेरियाचे, पाण्यातल्या गवतासारख्या रोपाचे. इथं आधी नुसती रेती होती.

करंट गेला की माग थांबतात, दिवाही वाटेतच थांबतो. करंट परत आला की रिले सुटून मूळ जागी आलेला असतो, म्हणून गाडी आधी डावीकडं निघते. टोकाला टक् आवाज होतो, आणि ती परत दगडाकडं वळते.